लिंगोमोच्या नावाची हाक

बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन उतरले की म्हातारा बोकुंगू ढोलाशी बसायचा. पोखरलेल्या लाल ओंडक्याचा तो ढोल यालिसेंबो गावाचा होता, त्याच्या उंच-खोल ठोक्यांतून शब्द वाजत, पण त्याला हात लावायचा अधिकार एकट्या बोकुंगूचा. आधी तो बाजाराची वर्दी देई. मग कोणाला मूल झाले, कोणाची होडी दोर तुटून वाहून गेली, असल्या बातम्या. आणि सगळ्यांत शेवटी गावाबाहेर असलेल्या माणसांना घरी बोलावणाऱ्या हाका. बायका मासे चिरत, पुरुष जाळी विणत, आणि कोणी हातातले काम थांबवत नसे. फक्त बोलुंबू थांबे, कारण शेवटची हाक तिच्या नवऱ्याची असे.

'वाळूला न फसणारा, पाण्याचा रंग ओळखणारा, भोवऱ्याच्या गावच्या लेकीचा लेक, घरी ये. तुझ्या चुलीत विस्तव आहे.'

लिंगोमो हे त्याचे घरातले नाव. ढोलावरचे नाव हे असे लांबलचक, बापाने दिलेले, आणि त्यात आईचे गाव असायलाच हवे. घरातले नाव घरापुरते असते, ढोलावरचे नाव सगळ्या नदीसाठी. ते ऐकले की चार वळणे पलीकडच्या माणसालाही कळते, हा कोणाचा कोण, आपला त्याच्याशी काय संबंध, आणि तो काठाला लागला तर जेवायला वाढायचे की भाला उचलायचा.

बोलुंबू खालच्या अंगाच्या गावातून लग्न होऊन इथे आली, तेव्हा काँगो नदीवर घराएवढ्या होड्या अजून फिरकल्या नव्हत्या. ती बडबडी, लिंगोमो घुमा. तिची शेजारीण एयेंगा तिला चिडवायची, की तुझा नवरा माशांशी एवढं बोलतो की घरी येईपर्यंत त्याचे शब्दच संपतात. बोलुंबू म्हणायची, संपू देत, माझे पुरतात दोघांना. आणि ते खरे होते. संध्याकाळी ती बाजारात काय काय झाले ते सांगत बसे, रानातल्या बायकांनी कसाव्याच्या कंदाच्या उकडलेल्या लाद्या कशा लहान केल्यात, तेलात पाणी कोणी घातले, आणि तो जाळ्याची गाठ मारता मारता ऐके. मधेच मान वर करून एकच प्रश्न विचारी, आणि त्या प्रश्नावरून कळे की त्याने सगळे ऐकले आहे.

त्यांना एक मुलगी झाली. ती एका पुरापुरती जगली. केळीच्या बनात तिला पुरले, आणि त्यानंतर त्यांच्या अंगणात कोणी रांगले नाही.

पहिला गोरा आला तो नकाशे काढणारा होता. नळीतून सूर्याकडे बघे आणि प्रत्येक बेटाचे, प्रत्येक वळणाचे नाव विचारी. लोकांना त्याची गंमत वाटली. एवढा मोठा माणूस, आणि याला साधे बेटाचे नाव ठाऊक नाही. लिंगोमोने त्याला दोन दिवस होडीतून फिरवले आणि सगळी नावे सांगितली. बदल्यात निळ्या मण्यांची एक माळ मिळाली. ती बोलुंबू बाजाराला जाताना घालत असे.

त्याच्यामागून जे आले त्यांनी काही विचारले नाही. नदीकाठी त्यांनी कुंपण घातले, आत गोदाम बांधले आणि दूरदेशच्या बंदूकवाल्या शिपायांना आणून बसवले. आधी मासळी मागितली, मग घराएवढ्या होडीच्या भट्टीसाठी लाकूड, मग रबर. यालिसेंबोची माणसे पाण्यावरची. रबराची वेल कुठे चढते आणि तिला चीर कशी द्यायची हे त्यांच्या बापजाद्यांनीही पाहिले नव्हते. ती रानात शिरत, आठ-आठ दिवस उपाशी भटकत आणि अर्धी टोपली घेऊन परत येत. अर्धी टोपली चालत नसे. मग शिपाई गावात येत आणि बायकांना घेऊन जात. नवरे टोपली भरून आणतील तेव्हा बायका सुटतील, असा तो व्यवहार होता.

बोलुंबू आणि एयेंगा एकाच दिवशी त्या कुंपणात गेल्या. एका लांबट झोपडीत इतक्या बायका कोंबल्या होत्या की निजायचे तर पाळीपाळीने निजावे लागे. एरवी बाजारात ज्या बायका मासे देऊन कसाव्याच्या लाद्या घेत, त्यांना तिथे लादीचा एक तुकडा मिळायचा, तोही वाटून. शिपायांना प्रत्येक गोळीचा हिशेब वरिष्ठांना दाखवावा लागे, आणि तो ते माणसांचे तोडलेले हात मोजून दाखवत, हे बायकांनी कुंपणाच्या फटीतून पाहिले. त्याबद्दल बोलुंबू पुढे आयुष्यात कोणाशी बोलली नाही. मात्र समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या हातांकडे बघायची सवय तिला लागली, ती सुटली नाही.

एयेंगा तिथेच गेली. शेवटच्या दिवशीही तिची चेष्टा चालू होती. म्हणाली, "बोलुंबू, तू गप्प बसलेली पाहायला मला इथे यावं लागलं बघ."

कुंपणाच्या त्या ठाण्यावरच्या गोऱ्याला तेव्हा काळ्या नदीने वर जायचे होते. ती नदी यालिसेंबोच्या वर, अर्ध्या दिवसाच्या वल्हवणीवर मोठ्या नदीला मिळते. तिचे मूळ कुठल्याच गोऱ्याने पाहिले नव्हते, आणि जो ते पहिल्यांदा पाहील त्याचे नाव त्यांच्या देशात मोठे होणार होते. त्याला वाटाड्या हवा होता. लिंगोमोच्या आईचे माहेर, भोवऱ्याचे गाव, त्या नदीवर पहिल्या धबधब्याखाली होते. लहानपणी तो तिथपर्यंत गेला होता. त्यापुढचा एक खडकही त्याला ठाऊक नव्हता. पण तो कुंपणापाशी गेला आणि म्हणाला, सगळी नदी मला पाठ आहे, माझी बायको सोडा.

बोलुंबूला बाहेर काढले ते होडी सुटायच्या दिवशीच. तिला उन्हात डोळे उघडवत नव्हते. लिंगोमो होडीच्या नाकाडावर पाण्याची खोली मोजायची काठी घेऊन उभा होता, आणि त्याला खाली उतरू देत नव्हते. आयुष्यभर कमी बोललेला माणूस तेव्हाही फार बोलला नाही.

"विस्तव विझू देऊ नकोस," तो म्हणाला. "मी जाऊन येतो."

तिने मान हलवली. तिच्याकडचे शब्द त्या झोपडीत संपले होते.

त्या संध्याकाळी बोकुंगूने आपण होऊन ढोल वाजवला. घराएवढी होडी दिसली की काळ्या नदीवरचे लोक विषाचे बाण सोडतात, आणि नाकाडावर उभा असलेला माणूस पहिला मरतो, हे त्याला माहीत होते. म्हणून त्याने लिंगोमोचे नाव पुढे पाठवले. ते नाव आपले आहे, तो येतो आहे, बाण सोडू नका. संगमावरच्या ढोलाने ते उचलले, त्याच्या वरच्या गावाने आपल्या भाषेत वाजवले, आणि अंधार पडायच्या आत ते नाव धबधब्यापर्यंत पोचले असणार. नदीवरच्या कोणाही माणसाने दुसऱ्यासाठी हेच केले असते. बोलुंबू ओट्यावर बसून ते ऐकत होती, आणि ढोल थांबल्यावर उठून तिने चुलीत लाकूड सारले.

होडी पावसाळ्याच्या तोंडाला परत आली. नाकाडावर दुसराच माणूस होता. मागच्या भागात मानेला दोर बांधलेल्या अनोळखी बायका बसल्या होत्या. बोलुंबूने शिपायांना विचारले. एक म्हणाला, तुझा नवरा तापाने गेला. दुसरा म्हणाला, पळाला. तिसरा हसला आणि म्हणाला, आम्ही काय त्याला राखायला गेलो होतो? देह कोणी पाहिला नव्हता. आणि देह पाहिल्याशिवाय, निदान पाहणारा माणूस समोर आल्याशिवाय, नदीवर कोणाचे मरण वाजवत नाहीत.

अशी ती मधल्यामधे राहिली. विधवा नाही म्हणून तिने डोके भादरले नाही, आणि सवाष्ण म्हणून केसांची वेणी कोणासाठी घालायची तेही तिला कळेना. सुतकाच्या बायकांत तिला बसता येईना आणि बारशाच्या घरी बायका तिच्याकडे बघून आवाज खाली घेत. ती चुलीतला विस्तव राखत होती. पावसात लाकडे ओली झाली तर शेजारून निखारा आणण्याऐवजी रात्रभर फुंकत बसे. संध्याकाळी बाजाराच्या गोष्टी सांगायला आता कोणी नव्हते, तेव्हा बाजारातही तिचे लक्ष हळूहळू उडाले. बाजाराच्या आदल्या संध्याकाळची ती एक हाक, तेवढ्यावर तिचा पुढचा आठवडा निघे.

लिंगोमोचा धाकटा भाऊ इसोफा वाईट माणूस नव्हता. पण धारेतली मासे धरायची जागा भावाच्या नावावर अडकली होती. तिथले माशांच्या टोपल्यांचे खांब कुजत चालले होते, आणि मालक जिवंत धरला जातो तोवर दुसऱ्याने तिथे टोपली टांगायची नाही. शिवाय भाऊ गेला तर त्याच्या बायकोला आपली बायको म्हणून घरी नेणे हे त्याचेच काम. तो अधूनमधून माशांचा वाटा घेऊन येई आणि अंगणात बसून विषय काढी.

"वहिनी, आमचा दादा नदीला वाट विचारणारा नव्हता. यायचं असतं तर तो केव्हाच आला असता."

"येईल, भाऊजी."

"येईल तेव्हा म्हातारा होऊन येईल. मग तुम्ही त्याला ओळखणार कसं?"

"तुम्हाला कसं ओळखते? तुम्ही तर रोज येता, आणि रोज थोडे म्हातारे होऊन येता."

इसोफा हसे आणि उठे. चांगल्या शब्दांत बोलून तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नाही, हे गावाला कळून चुकले होते. बोकुंगू हाक वाजवत राहिला. आपणच ते नाव वर पाठवले होते, तेव्हा ते परत बोलावणेही आपल्याकडेच लागते, असे तो म्हणे.

मग वर्षांमागून वर्षे गेली आणि रबराचा हट्ट ओसरला. कुंपण पडले. गोरे गेले नाहीत, पण त्यांनी आता दुसऱ्या गोष्टी मागायला सुरुवात केली. रानात पांगलेले लोक परतू लागले. काळ्या नदीच्या मुखाशी थोडी माणसे येऊन वसली आणि यालिसेंबोच्या बाजाराला त्यांच्या होड्या लागू लागल्या. ती आदल्या दिवशीच येत, समोरच्या वाळूच्या बेटावर मुक्काम करत आणि सकाळी बाजारात उतरत.

त्यांच्यातली म्बोयो नावाची एक पोक्त बाई ताडाचे तेल आणी. बोलुंबूने पहिल्या दिवशी तिच्या तेलात बोट घालून पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "यात पाणी नाही. तुझा धंदा कसा चालतो?"

म्बोयोने तिच्या टोपलीतला धुरावलेला मासा उलटापालटा केला. "यात मासा कमी आणि धूर जास्त. तुझा चालतो तर माझाही चालेल."

त्या दिवसापासून त्या दोघी शेजारी बसू लागल्या. किती वर्षांनी बोलुंबूला बाजार लवकर संपल्यासारखा वाटू लागला. घरी आल्यावर ती मनातल्या मनात पुढच्या वेळी म्बोयोला काय सांगायचे ते जुळवत असे. म्बोयो आपल्याबद्दल फारसे सांगत नसे. तिला एक नातवंड होते, आणि मधली पिढी नव्हती. त्या काळात हे कोणी कोणाला विचारत नसे.

एकदा बेटावर पाणी चढले होते, म्हणून बोलुंबूने तिला आदल्या दुपारी आपल्या घरी बोलावले. दोघींनी केळी भाजली. ऊन उतरले आणि ढोल सुरू झाला. म्बोयो भाजलेल्या केळ्याची साल काढत बाजाराची वर्दी, बातम्या ऐकत होती. शेवटची हाक आली तशी ती उठून उभी राहिली. तिने नातवाला मनगट धरून ओढले आणि रानाच्या बाजूला चार पावले गेलीही. मग थांबली.

"काय झालं गं?" बोलुंबूने विचारले.

"काही नाही. सवय आहे." ती परत येऊन बसली, पण पोराचे मनगट तिने सोडले नाही. "हे नाव तुम्ही अजून का वाजवता?"

"कोणतं नाव?"

"भोवऱ्याच्या गावच्या लेकीचा लेक. मी भोवऱ्याच्या गावची आहे, बाई. ते नाव आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे."

मग तिने सांगितले. आवाज चढवला नाही, की डोळे पुसले नाहीत. ढोलावर ते नाव आले तेव्हा सगळे गाव खूश झाले. बंदूकवाले येताहेत म्हणून लोक आधीच रानात निघाले होते, पण आपल्याच लेकीचा मुलगा बरोबर आहे म्हटल्यावर ते परत फिरले. बाण काढून ठेवले. बायकांनी अंगाला लाल रंग लावला, कोंबड्या कापल्या, मुलांना पुढे घेऊन सगळे गाणी म्हणत काठावर उतरले. त्यांच्यापैकी अर्धी माणसे पाण्याला पाय लागायच्या आधीच धरली गेली. म्बोयोच्या दोन मुली रंग लावलेल्या होत्या त्या तशाच दोरात गेल्या.

"आणि तो?" बोलुंबूने विचारले. तिला आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला.

"तो पुढे उभा होता. आमच्या बोलीत ओरडला, पळा, पळा. मग बार झाला. तो पाण्यात पडला की त्याने उडी मारली, ते मला सांगता यायचं नाही. मी पळत होते." म्बोयो थांबली. "आमच्यातले काही म्हणतात त्यानेच फसवलं. मी तसं म्हणत नाही. पण तुमचा ढोल मुखापर्यंत ऐकू येतो. दर बाजाराला हे नाव येतं, आणि आमची माणसं हातातलं टाकून पोरांना उचलतात. कळतं, की आता कोणी येत नाहीये. तरी उचलतात."

बोलुंबूने तिच्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली, "तो माझा नवरा."

म्बोयोने पोराचे मनगट सोडले. केळी निखाऱ्यावर करपली.

पुढच्या बाजारापर्यंत बोलुंबूने कोणाला काही सांगितले नाही. ती नेहमीसारखी पाण्यावर गेली, मासे धुरावर टांगले. कशाकशाचा विचार करत होती ते तिलाच ठाऊक. जी हाक ऐकून ती इतकी वर्षे जगली, तीच हाक ऐकून वर मुखाशी बायका पोरांना काखेत मारत होत्या. आणि हाक बंद करायची तर रीत एकच. माणूस गेला असे वाजवायचे. नुसते गप्प बसायचे नसते, कारण ज्याचे नाव वाजायचे थांबले पण मरण वाजले नाही, त्याची लोक वाटच बघत राहतात, प्रेमाने असो की भीतीने. पण लिंगोमो उडी मारून वाचला असेल तर? वरच्या कुठल्या तरी ओढ्याकाठी शरमेने तोंड लपवून बसला असेल, आणि एखाद्या दिवशी खाली यायला निघाला तर? मरण वाजलेल्या माणसाला गावात पाऊल टाकता येत नाही. त्याची चूल मोडलेली असते.

ऊन उतरायच्या आधीच ती बोकुंगूकडे गेली. तो ढोलाच्या काठ्यांना रबराच्या गोळ्या नव्याने बसवत होता. त्या काळातून गावात टिकलेली चीज तेवढीच.

"आज त्याला हाक मारू नका, बाबा," ती म्हणाली. "त्याचं मरण वाजवा."

बोकुंगूने काठी खाली ठेवली. "कोणी सांगितलं तुला? कोणी पाहिलं?"

"पाहणारी भेटली."

"पडताना पाहिलं की मेलेला पाहिला?"

बोलुंबू खोटे बोलायला आली होती, पण म्हाताऱ्यापुढे तिला ते साधेना. "पडताना," ती म्हणाली.

"मग मला वाजवता येत नाही, पोरी. इतकी वर्षं कळ काढलीस. आता काय झालं? इसोफा त्रास देतो का? मी सांगतो त्याला."

"भाऊजींचा काही त्रास नाही. मी दमले, बाबा."

हे तिने सांगितलेले कारण खरे नव्हते. खरे कारण तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिने ते गिळले. हे नाव वर कोणी पाठवले होते, हे त्या दोघांनाही माहीत होते. म्हाताऱ्याचे डोळे पाणावलेले, गुडघे सुजलेले. आपण वाजवलेल्या नावाने काठावर कोणाला उतरवले हे त्याला आता सांगून कोणाच्या मुली परत येणार होत्या?

बोकुंगूने काठी पुन्हा उचलली. "आणि जिवंत असला तर? आवाज त्याच्याही कानावर जाईल."

"जाऊ दे. त्यालाही सुटल्यासारखं होईल."

म्हाताऱ्याने आणखी वाद घातला नाही. बाजाराची वर्दी झाली, बातम्या झाल्या, बाहेरगावच्या माणसांना हाका झाल्या. मग तो थांबला, ढोलाची दिशा वळवायला त्याने दोघांना बोलावले आणि ढोलाचे तोंड काळ्या नदीकडे केले. 'वाळूला न फसणारा, पाण्याचा रंग ओळखणारा, भोवऱ्याच्या गावच्या लेकीचा लेक, त्याचं वल्हं वाळलं. त्याचं वल्हं वाळलं. त्याची वाट बघू नका.' त्याने ते तीनदा वाजवले. थोड्या वेळाने संगमावरच्या ढोलाने ते उचललेले ऐकू आले, आणि मग त्याच्या वरच्या ढोलांनी, इतके बारीक की ते ढोल आहेत की आपल्याच कानातले ठोके, हे बोलुंबूला सांगता येईना.

गावाने रीतीप्रमाणे सगळे केले. बायका रडायला आल्या. त्यांतल्या निम्म्यांनी लिंगोमोला पाहिलेही नव्हते, पण त्या चांगल्या रडल्या. डोके भादरले, अंगाला पांढरी माती फासली, चूल मोडून राख नदीत टाकली. इसोफाला भावाची जागा मिळाली. त्याने दुसऱ्याच दिवशी कुजके खांब उपटले, आणि मग पाण्यात उभा राहून एकटाच हुंदके देऊन रडला, हे लांबून होडीतल्या लोकांनी पाहिले. त्याने बोलुंबूला घरी नेण्याचा विषय काढला. ती म्हणाली, भाऊजी, मासे आणून द्या, तेवढं नातं पुरे. त्याला वाटले सुतक सरल्यावर ती वळेल. ती वळली नाही.

पुढल्या बाजाराच्या आदल्या दिवशी पाणी ओसरले होते. काळ्या नदीच्या होड्या बेटाला लागल्या, नेहमीपेक्षा जास्त. या वेळी त्यांनी पोरेही आणली होती. ढोल वाजून संपला तरी बेटावर कोणी उठले नाही, कोणी कोणाला उचलले नाही. पोरे वाळूत धावत होती, आणि त्यांचा गलका पाण्यावरून अलीकडच्या काठापर्यंत येत होता. बोलुंबू अंगणात बसून ऐकत होती.

म्बोयोने नातवाच्या हाती जेवायचे बोलावणे पाठवले. पोराने ते पाठ केलेले एका दमात म्हणून दाखवले, की आजीने मासा शिजवलाय, त्यात धूर कमी आहे, तर ये. बोलुंबूला हसू आले. पण ती गेली नाही. बेटावरच्या त्या माणसांत लिंगोमोची बायको म्हणून जाऊन बसायला अजून तिचा पाय उचलत नव्हता. भादरलेल्या डोक्याच्या बाईने दुसऱ्याच्या चुलीपाशी बसायचे नसते, असे तिने सांगून पाठवले, आणि तेही काही खोटे नव्हते.